मंगळवारचे उंदीर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सापडला एकदाचा! आठ दिवस ओट्याखाली धुडगूस घालत होता, माझी नवीन गाळणी कुरतडली, तो आज पहाटे पिंजऱ्यात. रंगनाथराव लगेच स्कूटरवरून निघाले आणि नदीपलीकडे सोडून आले. म्हटलं, "अहो, कुठे सोडलात?" तर म्हणाले, "डेक्कनला. आता तो त्यांचा." नारायण पेठेत हे असंच चालत आलंय. मारायचा नाही, कारण गणपतीचं वाहन. घरात ठेवायचा नाही, कारण गाळणी. मग लांब सोडायचा, लोकांच्या दारात. डेक्कनवालेही त्यांचे आमच्याकडे सोडत असणार, नाहीतर इतक्या वर्षांत संपले नसते का?

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच. दुपारी ऋतुजाचा फोन आला. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला होती, मी प्रयोगशाळेत सहायक असताना. आता पीएच.डी. करतेय, आणि तीही उंदरांवर! कोंडाणा उंदीर म्हणून एक जात आहे. सिंहगडाच्या माथ्यावरच्या झुडुपांत राहते, आणि अलीकडे म्हणे आणखी एक-दोन गडांवर मिळाली. बास. बाकी जगात कुठेही नाही. आपल्या डोक्यावर इतकी वर्षं हा प्राणी राहतो आणि आपण तिथे जाऊन भजी खाऊन परत येतो!

ऋतुजा नकाशा करतेय. जिथे हा उंदीर मिळाला तिथे टिंब आणि टिंबाखाली शोधणाऱ्याचं नाव. "मावशी, राईवाडीच्या डोंगरावर कुणी बघितलेलंच नाहीये. गडापासून सरळ रेषेत सात किलोमीटर, वर देवराई, एकदम परफेक्ट habitat. परमिशन आहे, traps आहेत, फक्त माणूस नाहीये. कराल का?"

करीन का म्हणजे! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली. संग्राहक अमुक, संग्राहक तमुक. माझं अक्षर सगळीकडे, नाव कुठेच नाही. मला ते टिंब हवंय. इथे लिहायला लाज कसली? हवंय.

बुधवार, ८ जानेवारी

राईवाडी. डोंगराच्या पायथ्याला पाच-पंचवीस घरं, बस थेट जाते. मागच्या वाटेने अर्धा तास चढलं की म्हस्कोबाची राई. काय झाडी आहे! वर ऊन असून आत स्वेटर काढवेना. देवाच्या भीतीने कुणी काटकीही उचलत नाही म्हणे. उंदीर इथे नसेल तर कुठे असेल?

मुक्कामाची सोय ऋतुजाने दुर्गाबाईंकडे केलीय. गडावर दही-भजी विकतात. पहाटेच्या जीपने वर, संध्याकाळी खाली. वय साठीचं, पण चाल अशी की मी मागे धावते. दह्याच्या मडक्यांच्या टोपलीत कुंकवाचा करंडाही असतो. गडावर धंदा करतानासुद्धा कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून असेल. निष्ठा म्हणतात ती ही.

मी काय करते ते त्यांना समजावून सांगितलं. रात्री पिंजरे लावायचे, पहाटे बघायचे, माप घेऊन, चार केस कापून, फोटो काढून सोडून द्यायचं.

"धरायचं आन् सोडायचं?" म्हणाल्या.

"हो."

"मंग तुमचं आन् माझं काम एकच की वो, ताई."

त्यांना वाटलं असेल मीही काही विकते. मी हसले आणि विषय सोडला.

शुक्रवार, १० जानेवारी

तीस पिंजरे, दोन रात्री. मिळकत: एक चिचुंद्री, एक सरडा, आणि शेंगदाण्याच्या आमिषावर गावभरच्या मुंग्या. रंगनाथराव म्हणाले, "घरी होता तो हाकललास, आता डोंगरावर शोधतेस."

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

मिळाला! मिळाला! मिळाला!

नीट लिहिते. काल संध्याकाळी शेंगदाणे संपले म्हणून घरून आणलेले तिळाचे लाडू कुस्करून आमिष लावलं. आज पहाटे सव्वासहाला, देवळाजवळचा नऊ नंबर. दार पडलेलं. आत तो. घरातल्या उंदरापेक्षा जरा भरलेला, पाठ गडद, पोट पांढरट करडं, आणि लव! कापडी पिशवीतूनसुद्धा बोटांना कळली. ऋतुजाने सांगितलं होतं, कोंडाणा उंदराच्या पाठीला टोचणारे केस नसतात. हा शालीसारखा मऊ. शेपूट मोजली, मागचा पाय मोजला, चार वेळा मोजला.

आणि एक गोष्ट ऋतुजाच्या कागदांत कुठेच नाही. कपाळावर, दोन डोळ्यांच्या बरोबर मधे, तांबडा ठिपका! डाळीच्या दाण्याएवढा, गोल. विजेरीच्या उजेडात स्वच्छ दिसला. फोटोत मात्र मेला हलला. वेगळ्या डोंगरावर राहून राहून वेगळा रंग आला असेल का? म्हणजे नुसतं टिंब नाही, उपजात! देवा म्हस्कोबा!

गडावर ऋतुजाचे स्वतःचे ऐंशी पिंजरे असल्यामुळे तिला येता येत नाही. फोनवर किंचाळली, मग एकदम गंभीर झाली. "माप जुळतंय, मावशी. Wow. पण तो spot... कसला तरी डाग असेल. लगेच त्याच्यावर जाऊ नका."

आजकालच्या पोरींना उत्साहच नाही.

दुर्गाबाई संध्याकाळी आल्या. तिळगूळ दिला आणि सांगितलं, "तुमच्या राईत माझा उंदीर सापडला." त्या खूश झाल्या. "सुखरूप हाय न्हवं?" म्हणाल्या. किती माया!

गुरुवार, १६ जानेवारी

काल नाही, आज नाही. लाडू तेच, पिंजरे तेच.

मंगळवार, २१ जानेवारी

दुसरा! पुन्हा देवळाजवळच, अकरा नंबर. ही मादी. कपाळावर ठिपका आहेच, जरा लांबट. म्हणजे तो अपघात नव्हे, लक्षण आहे. वहीत नोंद केली: "नर, ठिपका गोल. मादी, ठिपका उभा." नर-मादीत फरक! मी टेकडीवर एकटीच नाचले. वय वर्षं एकोणसाठ.

आणि पुन्हा मंगळवारच. बाप्पाचा वार, बाप्पाचं वाहन. मी फारशी देवभोळी नाही, पण आता सोमवारी संध्याकाळी पिंजरे लावताना अथर्वशीर्ष म्हणते.

घरी फोन केला. रंगनाथराव म्हणाले, "दोन उंदीर म्हणजे काही लोकसंख्या नव्हे." पण मागाहून नम्रताचा, म्हणजे आमच्या मुलीचा फोन आला, की बाबांनी अप्पा बळवंत चौकातून नकाशा लावायला फ्रेम आणलीय आणि कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालंय. माणूस तोंडाने कधी चांगलं बोलणार नाही, पण फ्रेम आणतो!

शनिवार, २५ जानेवारी

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही कोरे. असं का व्हावं? चंद्र? थंडी? सोमवारी गडावर गर्दी कमी असते, दुर्गाबाई दुपारीच खाली येतात, वाडीत जरा चूल-धूर लवकर होतो. त्याचा काही संबंध? ऋतुजाला विचारलं. ती म्हणाली, "फक्त मंगळवारी? That's weird, मावशी." तिच्या आवाजात काहीतरी होतं. हेवा असेल का? छे, पोरगी तशी नाही. पण लिहून ठेवते.

आज वाडीतून निघताना बघितलं, दुर्गाबाईंच्या टोपलीखाली आमच्यासारखाच तारेचा जुना पिंजरा. म्हणाल्या, झापावर, म्हणजे गडावरच्या त्यांच्या खोपटात, लागतो. तिथेही उंदरांचा त्रास असणारच, पिठाच्या घरात.

मंगळवार, २८ जानेवारी

तिसरा!! बारा नंबर. ठिपका ठळक, अगदी ताजा वाटावा असा.

ऋतुजाने केसांचे नमुने आणि मापं तिच्या सरांना दाखवली. कोंडाणा उंदीर, शंका नाही! पुढच्या मंगळवारी सर स्वतः येणार, तीही येणार. पंधरा फेब्रुवारीला लेख पाठवायचाय. नकाशाचा कच्चा कागद तिने फोनवर पाठवला. सिंहगड, इतर गड, आणि मधे एक नवं काळं टिंब. खाली बारीक अक्षरात: राईवाडी, पूर्णिमा शाळिग्राम.

मोठं करून बघितलं. मग अजून मोठं केलं. मग रडले, सरळ सांगायचं तर.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कशी सुरुवात करू.

उद्या सर येणार म्हणून आज नेहमीसारखी संध्याकाळी नाही, सकाळच्याच बसने आले. म्हटलं राईतली वाट झाडावी, पिंजरे पुसावेत, आमिष ताजं करावं. दोन वाजता देवळाजवळ पोचले. आतून आरतीचा आवाज. दुर्गाबाई.

हाक मारणार होते. तेवढ्यात त्यांनी टोपलीतून पिंजरा काढला. आत उंदीर. त्यांनी करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं, तारांमधून अलगद त्याच्या कपाळाला लावलं. नमस्कार केला. दार वर उचललं. "जा माझ्या राजा, देवाच्या रानात ऱ्हा," म्हणाल्या, आणि तो बारा नंबरच्या दिशेने पळाला.

मी तिथेच खाली बसले.

"आगं बया, ताई! लवकर आलासा?"

"दुर्गाबाई, हे काय करताय?"

"उंदीर सोडतीया. झापावर पिठाला लागत्यात. मारायचं कसं? गणपतीचं वाहन हाय. दसऱ्याला जीपला कुंकू लावतो का न्हाय? मंग खऱ्या वाहनाला नगं? सोमवारी सवड असती, मंग हितं आणते. आदी माझी सासू आणायची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला पहिल्या दिवशीच म्हटलं न्हवं, आपलं काम एकच?"

म्हटलं होतं. या वहीत माझ्याच हाताने लिहिलंय. मगाशी पानं उलटून पाहिलं. करंडा लिहिलाय, पिंजरा लिहिलाय, सोमवारची सवडसुद्धा लिहिलीय! नर गोल, मादी उभा! अगं पूर्णिमे, ते दुर्गाबाईंचं बोट होतं! कधी टेकलं, कधी ओढलं गेलं. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि कुंकू ओळखू नये? स्वतःच्या कपाळाला रोज लावते ते?

हसू येतंय, आणि रडूही.

आता खरं लिहिते, नाहीतर वही कशाला? कुणालाच माहीत नाही. दुर्गाबाईंना यात काही बिघडलं हेच कळलेलं नाही. मापं खरी आहेत, केस खरे आहेत, उंदीर खरा आहे, जागा खरी आहे. मी एक शब्दही खोटा न बोलता नुसती गप्प बसले तर टिंब माझं. उद्या उजाडायच्या आत जाऊन ओल्या रुमालाने कपाळ पुसलं की झालं. ठिपका डाग होता, असं ऋतुजाच म्हणाली होती.

घरी फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं फिदीफिदी हसतील. पण रंगनाथराव म्हणाले, "फ्रेम परत घेत नाहीत ते. तेवढं धरून ठरव."

रुमाल उशाशी ठेवलाय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पावणेसहाला गेले. रुमाल ओला करून नेला, हेही लिहिते. बारा नंबरचं दार पडलेलं. आत तोच, कालचा, कपाळावर ठसठशीत कुंकू, मिशा हलवत बसलेला. मी पिशवीत घेतला. रुमाल हातात घेतला. त्याचं काळीज बोटाखाली धडधडत होतं. पुसलं नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. कॉलेजात एका बाईंनी एकदा बाटलीवर ठिकाण बदलून लिहायला सांगितलं होतं, तेव्हाही माझा हात चालला नव्हता. भित्रेपणा असेल.

सर आणि ऋतुजा सातला आले. ती चढावरूनच ओरडत होती, "मावशी, मिळाला का?"

मी तिचं बोट धरलं आणि उंदराच्या कपाळाला टेकवलं. बोट लाल झालं. तिने वास घेतला.

"हे... कुंकू आहे?"

"हो. गडावरून येतात. दर सोमवारी. दुर्गाबाई आणतात आणि सोडतात. टिंब काढून टाक, बाळ. चूक माझी."

ऋतुजा मटकन दगडावर बसली. तिच्याही लेखातली ती मोठी गोष्ट होती ना! सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, छापून आल्यावर कळलं असतं तर आमची तोंडं याहून लाल झाली असती." मला वाटलं आता जमीन दुभंगावी.

तेवढ्यात दुर्गाबाई चहाची किटली घेऊन वर आल्या. आज मुद्दाम गडावर गेल्या नव्हत्या, पाहुणे येणार म्हणून. ऋतुजाने डोळे पुसत सहज विचारलं, "आजी, सगळे उंदीर इथेच सोडता?"

"छ्या! घूस असली तर मालक रस्त्याला सोडत्यात. घरातला काळा उंदीर त्यो वायला. ह्यो मऊ, गरीब, चावत न्हाय. ह्योच तेवढा देवाकडं."

"कुठे सापडतो हा?"

"झापामागं टाक्याच्या वरल्या अंगाला, कारवीत. उन्हाळ्यात टाकं आटलं की खालच्या अंगाला येतो. पावसाळ्यात दिसतच न्हाय." आणि मग बाई सुरूच झाल्या. कोणत्या झुडपाखाली बिळं, कुठली जागा वणव्यात जळल्यावर तीन वर्षं ओस होती, कुठे परत आले. ऋतुजाची पेन्सिल धावायला लागली. सरांनी चहा हातातच धरून ठेवला, गार झाला.

"किती वर्षं बघताय तुम्ही हे?"

"मी बावीस. त्याच्या आदी सासू."

"आणि इथे सोडलेले... मरत असतील ना?"

"कशानं? देवळामागं करवंदीच्या जाळीत बिळं हायत की."

मी एकदम उभी राहिले. करवंदीच्या जाळीत मी एकही पिंजरा लावला नव्हता. काटे टोचतात म्हणून!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ऋतुजाने आज नवा कागद पाठवला. काळं टिंब म्हणजे आपणहून राहणारे. राईवाडीवर आता पोकळ टिंब, म्हणजे माणसाने आणून सोडलेले. त्याखाली दोन नावं: दुर्गाबाई आणि मी. दुर्गाबाईंचं नाव आधी, ते मी सांगून करवून घेतलं. गडाच्या नकाशात तर त्यांची अकरा टिंबं आहेत, सगळी काळी! रंगनाथराव पोकळ टिंब बघून म्हणाले, "फ्रेमला चालतं."

दुर्गाबाईंनी कबूल केलंय, उंदीर पकडला तिथेच, टाक्याच्या वर सोडायचा. ऋतुजाने समजावलं, एवढा दुर्मीळ जीव हलवू नये. पटलं त्यांना. कुंकू मात्र लावणारच म्हणाल्या. सर म्हणाले, लावू देत, खूण होते.

करवंदीत चौदा पिंजरे लावलेत. दोन्ही हात ओरबाडलेत. अजून काही नाही. आज मंगळवार असूनही नाही. बरंच झालं!

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज गुरुवार. मुद्दाम लिहिते, गुरुवार!

ऋतुजा कालच मुक्कामाला आली होती. पहाटे आम्ही तिघी वर गेलो. दुर्गाबाईंनी जीप चुकवली, म्हणाल्या भजी एक दिवस उशिरा तळली तर गड पडत न्हाय. तीन फेब्रुवारीनंतर या डोंगरावर कुणीही काहीही सोडलेलं नाही. करवंदीच्या जाळीतले एक ते सहा रिकामे. सात रिकामा. आठ नंबरचं दार पडलेलं.

मला वाटलं सरडा असेल. ऋतुजाने पिशवी लावली, दार उचललं, आणि काहीतरी इवलंसं आत घसरलं. बोटाएवढं. करडं, मऊ, कान अजून मोठे, अंग लहान. तिने विजेरी धरली. पाय बघितले, पोट बघितलं, पाठीवरून अंगठा उलटा फिरवला.

"मावशी." तिने माझी बाही ओढली. "कोंडाणा आहे. महिन्याचंही नाहीये हे."

"दुर्गाबाई," मी विचारलं, "तुम्ही पिल्लू कधी आणलं होतंत?"

"न्हाय बा. पिल्लू कधी पिंजऱ्यात आलंच न्हाय."

मी तीनदा विचारलं. तीनदा न्हाय. ऋतुजा म्हणाली, तपासण्या होतील, महिने लागतील, घाईने काही बोलायचं नाही. आणि बोलता बोलता मला अशी कडकडून मिठी मारली की माझा चष्मा करवंदीत गेला. मी बिनचष्म्याची, ती रडतेय, मी हसतेय, पिल्लू पिशवीत चीं चीं करतंय!

दुर्गाबाईंनी मात्र टोपली खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, करंडा उघडला आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

मी त्यांचा हात धरला.

"दुर्गाबाई, याला नको. हा इथलाच आहे."